आधी तुम्ही घ्या!

आमच्या छत्रपती संभाजीनगरात वसंत ऋतू येतो, पण तो फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरात. चैत्रात पालवी फुटते असं शाळेत शिकवलं होतं. आमच्याकडे चैत्रात फुटतो तो घाम आणि कुठल्यातरी चौकातली पाइपलाइन. पारा चाळिशीला टेकलेला असतो, सातारा डोंगर करपलेल्या भाकरीच्या रंगाचा होतो आणि गोगाबाबा टेकडीवर गवताची काडी उरत नाही. अशा जमिनीतून मऊ, ओलसर, लुसलुशीत असं काही आपण होऊन वर येईल, ही कल्पना आमच्या गावातल्या कवींनाही सुचत नाही.

म्हणून एका पाडव्याला मेहुणे हिमाचलची सहल आटोपून आले आणि "दाजी, खास वसंतातलं रानमशरूम आणलंय" म्हणत त्यांनी पन्नास ग्रॅमची पुडी पुढे केली, तेव्हा घरात शांतता पसरली. पुडीत अंगठ्याएवढे तपकिरी, वाळके तुकडे होते आणि त्यांच्या डोक्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे खळगे.

"ही घासणी आहे का भांड्यांची?" बायकोनं विचारलं.

आईनं चष्मा लावून पुडीत डोकावलं आणि दोन पावलं मागे सरकली. "ही वजडी आहे. पाडव्याच्या दिवशी माझ्या घरात वजडी!"

मेहुण्यांनी भाव सांगितला. ही गुच्छी. किलोला दहा हजारांच्या खाली सहसा मिळत नाही, चांगला माल तीस हजारांपर्यंत जातो. आईचा सूर लगेच खाली आला. सोन्याच्या पंगतीला बसणाऱ्या वस्तूला आमच्या घरात एकदम मांसाहारी म्हणायची पद्धत नाही.

गुच्छी हिमाचल, काश्मीर, उत्तराखंडात बर्फ वितळलं की देवदाराच्या रानात उगवते. बटन मशरूमसारखी ती शेडमध्ये पोत्यात भरून सहजासहजी वाढवता येत नाही. डोंगरातली माणसं दिवसदिवस वाकून ती शोधतात आणि दोऱ्यात ओवून, माळा करून वाळवतात. वीज कडाडली की ती उगवते, असं तिथले लोक मानतात. हे सगळं मेहुण्यांनी इतकं रंगवून सांगितलं की मला राहवलं नाही.

"चवीला कशी लागते हो?"

"मला काय माहीत? आम्ही कुठं खाल्ली. म्हटलं, आधी तुम्ही घ्या."

त्या वेळी मला हा पाहुणचार वाटला होता. रानमशरूमच्या बाबतीत मनुष्यजातीचं हे सगळ्यात जुनं वाक्य आहे, हे पुढं पावसाळ्यात कळलं.

तर गुच्छी. तिची एक तोतया बहीण असते, असं मी वाचून काढलं. तिचं डोकं खळग्यांचं नसतं, मेंदूसारखं वळ्यावळ्यांचं असतं, आणि तिच्यातलं विष पोटात गेल्यावर ज्या रसायनात बदलतं ते अग्निबाणाच्या इंधनात वापरतात. म्हणजे खाणारा वर जातो, ही गोष्ट शास्त्रानंही मान्य केलेली आहे. ओळखायची खूण सोपी. उभी चिरायची. खरी गुच्छी देठापासून शेंड्यापर्यंत एकसंध पोकळ निघते, तोतयीच्या पोटात कप्पे किंवा कापसासारखा भरणा सापडतो. शिवाय खरी गुच्छीसुद्धा कच्ची खायची नसते, नीट शिजवावीच लागते.

एक भिजवून चिरली. पोकळ निघाली. पण एक पोकळ निघाली म्हणून दुसरी पोकळ असेलच कशावरून? आमच्या घरात तांदूळ निवडताना एकेका दाण्याची चौकशी होते, ही तर किलोला हजारोंची चीज. आम्ही सगळ्या चिरल्या. सगळ्या परीक्षेत पास झाल्या, पण निकाल लागेपर्यंत त्यांचा कीस झाला होता. पुलावात तो कीस कुठं गेला ते शेवटपर्यंत सापडलं नाही. आईनं मात्र त्या दिवशी दहीभात खाल्ला.

एक मान्य करायला हवं. मराठी माणसानं आपल्या मशरूमला कधी चांगल्या तोंडानं हाकच मारलेली नाही. वर्तमानपत्र उघडा. गल्लोगल्ली क्लासेस उगवतात ते भूछत्रासारखे. निवडणूक लागली की पक्ष उगवतात ते पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्र्यांसारखे. एखादी गोष्ट भरपूर आणि फुकट वाढली की आपल्याला पहिली आठवण येते ती भूछत्राची, आणि तीही शिव्या घालण्यासाठी. लहानपणी आम्हाला सांगितलेलं होतं की कुत्र्यानं जिथं पाय वर केला तिथं ही छत्री उगवते आणि तिला हात लावला तर बोटं झडतात. आम्ही लांबून दगड मारून छत्र्या फोडायचो. सगळ्यांची बोटं अजून जागेवर आहेत, पण भीतीही जागेवरच आहे.

याला जुना आधार आहे. मनुस्मृतीत लसूण, कांदा आणि कवक हे एकाच ओळीत निषिद्ध ठरवलेत. पुढं लसूण-कांद्यानं वरच्या कोर्टात अपील करून निर्दोष सुटका करून घेतली. कवकाला नुसती तारीख पडत राहिली. बरं, हीच मंडळी लग्नात मशरूम मटरच्या काउंटरवर दोनदा दिसतात, औरंगपुऱ्यातल्या मंडईतून बटन मशरूमचं पाकीट बिनदिक्कत घरी नेतात. प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर तारखेचा शिक्का मारला की ते मशरूम. तेच मातीतून डोकं वर काढताना दिसलं की कुत्र्याची छत्री.

आणि हे आपल्याच राज्यात सगळीकडं असं नाही. कोकणात पहिल्या पावसानंतर अळंबीची वाट आंब्याच्या खालोखाल पाहतात. शेजारी गोव्यात तिला ओळमी म्हणतात आणि तिच्यासाठी मासळीवाल्याला काही दिवस विसरतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडं सात्या, टेकोडे अशी जवळच्या नातेवाइकासारखी नावं आहेत. तिकडं नाव आहे म्हणून ओळख आहे. आम्ही तिला कुत्र्याच्या मालमत्तेत जमा करून मोकळे झालो.

आता पावसाळ्याकडं येतो. आमच्याकडं मशरूमचा खरा वसंत म्हणजे आषाढ. दोन-चार चांगल्या सरी झाल्या की विद्यापीठामागचे डोंगर, लेण्यांचा पायथा, गोगाबाबा टेकडी सगळं रातोरात हिरवं होतं. आमचा सकाळी फिरायला जाणारा एक कंपू आहे. चालणं दोन किलोमीटर, बोलणं बारा किलोमीटर. एका सकाळी कंपूतले एक निवृत्त अभियंता पिशवी घेऊन आले. त्यांच्या बंगल्यापुढच्या हिरवळीवर रात्रीतून गोल रिंगण धरून छत्र्या उगवल्या होत्या. एकेक छत्री जेवणाच्या ताटलीएवढी, पांढरीशुभ्र, वर तपकिरी खवले, देठावर बांगडीसारखं कडं. दिसायला इतकी देखणी की कुत्र्याचा संबंध जोडणंसुद्धा अवघड जावं.

"खायची असणार," अभियंता म्हणाले.

"कशावरून?"

"एवढी चांगली दिसतेय."

मग परीक्षा सुरू झाल्या. बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, शिजवताना चांदीचा चमचा घाला, काळा पडला तर विष. ही परीक्षा जगभर प्रसिद्ध आहे आणि जगभर लोक तिच्यात पास होऊन मेलेत. चांदी काळी पडते ती गंधकामुळं. मशरूमच्या जहाल विषाला चांदीशी काही देणंघेणं नाही. उकडलेल्या अंड्यात चमचा ठेवला तरी तो काळा पडतो. त्या हिशेबानं काकांचा रोजचा नाश्ता हा आत्महत्येचा प्रयत्न ठरला असता.

काकूंनी लसणीची पाकळी सुचवली. सोबत टाकली आणि काळवंडली तर फेकून द्यायचं. विषाला लसणीशीही देणंघेणं नाही, निकाल तोच. फार तर लसूण वाया जाईल.

मुख्याध्यापक सर म्हणाले, निसर्गाकडं पाहा. गोगलगायीनं, किड्यांनी कुरतडलं असेल तर निर्धास्त खा. मुक्या जिवांना कळतं. जिच्या एका टोपीनं माणूस दगावतो ती छत्रीसुद्धा गोगलगाय आरामात खाते आणि पुढं सरकते. गोगलगायीच्या आणि सरांच्या पचनसंस्थेत फरक आहे, हे आम्ही नाना प्रकारे सुचवून पाहिलं. सरांनी मान्य केलं नाही.

अभियंत्यांच्या चिरंजीवांनी मोबाइल काढून फोटो घेतला. ॲपनं सांगितलं, खाण्यायोग्य असण्याची शक्यता ८७ टक्के. सगळ्यांना हायसं वाटलं. मी एवढंच म्हणालो, उरलेल्या १३ टक्क्यांत आपण आठही जण आरामात मावतो.

"अहो, खळखळून शिजवलं की सगळं मरतं," असा शेवटचा युक्तिवाद झाला. जंतू मरतात. ज्या विषानं यकृत निकामी होतं ते उकळून, तळून, वाळवून कशानंही मरत नाही. वाचलेले रोगी सांगतात की चव उत्तम होती. त्रास सहा-बारा तास उलटल्यावर सुरू होतो, मध्येच बरं वाटायला लागतं, रोगी चहा मागतो, नातेवाईक नारळ फोडतात, आणि तेवढ्या वेळात यकृत आतल्या आत राजीनामा लिहीत असतं. म्हणून जेवण झाल्यावर तासाभरात कोणी "बघा, मला काही झालं नाही" म्हणाला, तर तो पुरावा नसतो, फक्त घाई असते.

रस्त्यातला ओळखीचा भाजीवाला गाडी थांबवून हे सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "साब, ये कुत्ते की छत्री है. मुफत में मिली चीज का इत्ता हिसाब कायकू?" हा आमच्या शहरातला सगळ्यात शास्त्रशुद्ध दृष्टिकोन ठरला.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. प्रत्येकाकडं परीक्षा होती आणि प्रत्येकाला आपल्या परीक्षेची पूर्ण खात्री होती; पण पिशवी कोणी आपल्या हातात ठेवत नव्हतं. "काका, तुम्ही न्या." "नाही नाही, वहिनींना आवडतं, त्यांना द्या." "सर, आधी तुम्ही घ्या." पहिले आप, पहिले आप करत नवाबांची गाडी सुटली म्हणतात. लखनौची ती सगळी अदब त्या सकाळी टेकडीच्या पायथ्याशी उतरली होती. रोज कोपऱ्यावरच्या टपरीत चहाचं बिल कोणी द्यायचं यावर हीच माणसं बरोबर उलट बाजूनं इतकीच नम्र असतात.

शेवटी पिशवी वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंकडं गेली. त्यांनी ना चांदी मागितली, ना लसूण. म्हणाल्या, एक जुनी लग्नपत्रिका द्या. कोऱ्या पांढऱ्या बाजूवर त्यांनी छत्रीची टोपी पालथी-सुलटी बघून, टोपीखालच्या पडद्यांची बाजू खाली करून ठेवली, वर पातेलं झाकलं आणि म्हणाल्या, उद्या या. रात्रभरात छत्रीचे बीजाणू कागदावर गळतात आणि ज्या रंगाचे ते, त्या रंगाचा ठसा उमटतो. छत्री वरून पांढरी असो नाहीतर तपकिरी, सही खोटी करता येत नाही.

सकाळी पातेलं उचललं. पत्रिकेवर चक्राच्या आऱ्यांसारखी बारीक रांगोळी उमटली होती, रंग मळकट हिरवा. बाईंनी एकच नाव घेतलं: क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस. हिरवळीवर रिंगण धरणारी ही थोराड छत्री उष्ण मुलखांत सगळीकडं सापडते. हिरवा ठसा ही तिची हमखास खूण. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत ती असा काही जुलाब-उलट्यांचा कार्यक्रम करते की माणूस पुन्हा हिरवळीवर चपला काढूनसुद्धा चालत नाही. अभियंत्यांनी शांतपणे पत्रिकेची घडी घातली. ती त्यांच्याच चिरंजीवांच्या लग्नाची निघाली.

"पण बाई, दुसरा ठसा आला असता तर खाल्ली असती?" मी विचारलं.

"अजिबात नाही," त्या म्हणाल्या. "ठसा तुम्हाला काय खाऊ नये ते सांगतो. काय खावं ते सांगत नाही. कित्येक जहाल विषारी छत्र्यांचा ठसा पांढराशुभ्र असतो, चारित्र्यवान माणसासारखा."

आधी कोण, हा प्रश्न केवळ आमच्या कंपूचा नाही. रोमचा सम्राट क्लॉडियस इसवी सन ५४ मध्ये मशरूम खाऊन मेला. त्याच्या आवडत्या पदार्थात बायकोनंच विष कालवलं असं जुने इतिहासकार सांगतात. त्याच्या पदरी अन्न चाखायला खास माणूस होता, हॅलोटस. सम्राट गेला आणि चाखणारा राहिला. एवढंच नाही, पुढच्या एका सम्राटानं त्याला चांगली नोकरीही दिली. चाखणाऱ्यानं नक्की काय चाखलं, हे विचारायचं राहूनच गेलं. क्लॉडियसच्या लगेच नंतर गादीवर बसलेला नीरो मशरूमला देवांचं अन्न म्हणायचा म्हणे, कारण क्लॉडियस ते खाऊन देवपदाला पोचला होता.

याच्या अगदी उलट टोकाला एक गोष्ट आहे आणि ती आमच्या शहरापासून शंभरेक किलोमीटरवर दगडात कोरलेली आहे. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात बुद्धांची महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे, सात मीटरहून लांब, उजव्या कुशीवर निजलेली, खाली शोक करणारे शिष्य. पावा गावच्या चुंद लोहारानं दिलेलं भोजन हे त्यांचं अखेरचं भोजन. त्यात सूकरमद्दव नावाचा पदार्थ होता. ते कोवळं डुकराचं मांस, की डुकरांना आवडणारं एखादं कवक, यावर पंडितांचा वाद शतकानुशतकं चालू आहे. पण त्या कथेतला पुढचा भाग माझ्या मनातून जात नाही. बुद्धांनी चुंदाला सांगितलं, हे फक्त मला वाढ, दुसऱ्या कोणाला देऊ नकोस, उरलेलं खड्ड्यात पुरून टाक. आणि नंतर आनंदाला सांगितलं, चुंदाला वाईट वाटू देऊ नका. आधी तुम्ही घ्या म्हणणाऱ्या आम्हा आठ जणांना मी त्या लेण्यात एकदा नेऊन आणणार आहे.

श्रावण लागला आणि औरंगपुऱ्यातल्या मंडईच्या कडेला कन्नडकडच्या खेड्यातून आलेल्या एक मावशी बसलेल्या दिसल्या. पुढ्यात करटुली, तरोटा, आणि पळसाच्या पानावर लांब देठांच्या पांढरट छत्र्या. टोपीच्या मधोमध टोकदार शेंडी, देठ खाली निमुळता होत मुळासारखा लांबलेला.

मी बाईंकडून थोडं शिकून आलो होतो. हे वारुळावरचं कवक. वाळवी ते जमिनीखाली पिकवते. लाकूड, पाला चघळून मऊ बैठक तयार करते, तिच्यावर हे कवक वाढतं आणि वाळवीला न पचणारं पचवून देतं. हा शेतीचा धंदा वाळवी कोट्यवधी वर्षं करतेय, कर्जमाफी न मागता. पावसाळ्यात त्या तळघरातून छत्री माती फोडून वर येते. शेंडी त्यासाठीच असते आणि मुळासारखा देठ खाली थेट वाळवीच्या शेतापर्यंत गेलेला असतो. झाम्बियात याच कुळातली एक छत्री मीटरभर रुंद होते. माणसाला मात्र हे पीक शेडमध्ये घेणं जमलेलं नाही. ते तंत्र वाळवीनं कोणाला शिकवलं नाही, आपण फक्त तिच्याकडून दारांच्या चौकटी गमावायला शिकलो.

एवढं ज्ञान पाजळून मी मावशींना विचारलं, "हे खायचंच आहे, हे तुम्ही ओळखता कसं?"

त्यांनी माझ्याकडं, मग छत्रीकडं, मग पुन्हा माझ्याकडं पाहिलं. "वळखायचं काय त्यात? आमच्या बांधावरल्या वारुळाचं हाय. माझी सासू तिथंच काढायची, तिची सासूबी तिथंच. दुसऱ्या कुठल्या जाग्याचं आमी हातात बी धरत नाय."

चांदी नाही, लसूण नाही, टक्केवारी नाही. आम्ही सगळे छत्री ओळखू बघत होतो. मावशी वारूळ ओळखत होत्या, आणि तेही एकच.

"आणि आधी कोण खातं?" मी माझा ठेवणीतला प्रश्न टाकला.

"आधी मी खाते. येक रात काढते. मग लेकरांस्नी घालते. उरलं तर इकते."

मी न मोजता पैसे दिले. इतक्या वर्षांत मला कोणी विक्रेत्यानं इतकं स्वच्छ हमीपत्र दिलेलं नव्हतं. तरीही सांगून ठेवतो: मावशी आपल्या वारुळाची हमी घेतात, तुमच्या हिरवळीची नाही. रानात हिंडताना दिसली छत्री की उपटून घरी आणू नका. गौताळ्यासारख्या अभयारण्यात तर एक काडीसुद्धा उचलायची नसते. आणि चुकून कोणी काही खाल्लंच, तर उरलेली छत्री सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा, चांदीचा चमचा घेऊन नव्हे.

घरी बायकोनं कांदा, खोबरं, काळा मसाला घालून रस्सा केला. वास असा सुटला की शेजारच्यांनी खिडकी उघडली. ताटं मांडली, चौघं बसलो, वाट्या भरल्या. आणि कोणी हात लावेना.

"आधी तुम्ही घ्या," बायको मला म्हणाली.

"मुलाला वाढ ना आधी," मी म्हणालो.

"आधी आजीला," मुलगा म्हणाला.

आई म्हणजे तीच, पाडव्याला पुडी बघून दोन पावलं मागं सरकलेली. वय अठ्ठ्याहत्तर. तिनं आम्हा तिघांकडं पाहिलं, वाटी जवळ ओढली आणि म्हणाली, "माझं काय, पिकलं पान. मी बघते. काही झालं नाही तर तुम्ही खा."

ती एक घास खाऊन थांबली. आम्ही श्वास रोखले. दुसरा खाल्ला. वाटी संपली.

"काय वाटतंय?" मी विचारलं.

"एवढ्यात कसं कळणार?" आई म्हणाली. "तूच म्हणाला होतास ना, लगेच कळत नसतं म्हणून. अजून थोडं वाढ."

तिसऱ्या वाटीनंतरही तिचा निर्णय झालेला नव्हता. पातेल्याचा तळ दिसायला लागला तेव्हा बायकोनं घाईनं आपली वाटी पुढं केली, तर आईनं हात आडवा धरला.

"घाई कशाला? माझी रात्र तर जाऊ दे."